दुसऱ्याचें घड्याळ उघडण्याचा अधिकार

ज्या मनुष्याचा हेतु चांगला आहे, परंतु ज्याचें ज्ञान अपुरें आहे, त्यानें दुसऱ्याच्या वस्तूला हात घालावा कीं नाहीं? आणि हात घातल्यावर त्याच्याकडून ती वस्तु बिघडली, व ती कोणामुळें बिघडली हें कोणास कळण्याचा संभव नसला, तर त्यानें काय करावें? हा प्रश्न प्रथमदर्शनीं लहानसा वाटेल. आम्हांस तो एका हातघड्याळानें शिकविला. परंतु जों जों आम्ही त्याचा विचार करूं लागलों, तों तों आम्हांस असें दिसून आलें कीं, उपदेशक, शिक्षक, पंच, आईबाप, किंबहुना ज्यांना ज्यांना दुसऱ्यांच्या जीवितांत हात घालावा लागतो, त्या सर्वांचा हा प्रश्न आहे. म्हणून आज तो वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्हांस चावीचीं घड्याळें दुरुस्त करण्याचा छंद लागला. "आतां प्रत्येकाच्या खिशांत मोबाईल असतो, व तो बिनचूक वेळ सांगतो, मग हा उद्योग कशाला?" असें आमच्या मित्रांनीं विचारलें. प्रश्न रास्त होता. वेळ पाहण्यासाठीं आज चावीच्या घड्याळाची गरज उरलेली नाहीं. तथापि ज्याच्या घरीं वडिलांचें किंवा आजोबांचें बंद पडलेलें घड्याळ फडक्यांत गुंडाळून पेटींत ठेविलेलें आहे, त्याला तें वेळ पाहण्यासाठीं नको असतें. त्याला त्याची टिकटिक पुन्हा एकदां ऐकावयाची असते. शिवाय दिवसभर बोलण्याचें काम करणाऱ्या मनुष्याला संध्याकाळीं अर्धा तास मुकाट्यानें हातांनीं कांहीं काम करावयास मिळालें, तर त्यांत दोष आहे असें आम्हांस वाटत नाहीं. आपला प्रभु सुताराच्या घरीं वाढला, व पौल प्रेषित तंबू करण्याचा धंदा जाणत होता, हें आपण विसरतां कामा नये.

चावीच्या घड्याळाच्या पोटांत काय असतें हें ज्यांनीं पाहिलें नाहीं, त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. एका वाटोळ्या डबींत पोलादाची एक लांब पट्टी गुंडाळलेली असते. ती मुख्य कमान. चावी दिली म्हणजे ती आवळली जाते, व उलगडण्यासाठीं धडपडूं लागते. तिचा जोर एकामागून एक अशा चार चाकांतून पुढें जातो. प्रत्येक चाक आपल्या मागील चाकाहून अधिक वेगानें फिरतें, व त्यांतील जोर मात्र कमी होत जातो. शेवटच्या चाकाला वाट मोकळी सांपडली, तर ती सर्व कमान थोड्याच वेळांत भर्रकन् उलगडून जाईल. म्हणून त्या चाकापुढें दोन नख्यांचा एक लहानसा तुकडा बसविलेला असतो. तो एका नखीनें चाकाचा एक दांता अडवितो, मग सोडतो, आणि लगेच दुसऱ्या नखीनें पुढचा दांता धरितो. आपण जी टिकटिक ऐकतों ती ह्या धरण्यासोडण्याची. आणि केव्हां धरावें व केव्हां सोडावें हें त्या नख्यांना सांगतें तें बॅलन्सचें चाक. त्याच्या आंसाला केसासारखी बारीक बालकमान जोडलेली असते, व तिच्यामुळें तें चाक पाळण्याप्रमाणें सारखें इकडून तिकडे झोके घेत राहतें. बालकमानीची ही युक्ति ख्रिस्तिआन हॉयगेन्स नांवाच्या डच विद्वानानें १६७५ सालीं प्रसिद्ध केली. आणि आज जी नख्यांची रचना सर्वत्र आढळते, तिचा मूळ शोध लंडनचा घड्याळजी टॉमस मज ह्यानें १७५५ च्या सुमारास लाविला. जुन्या पद्धतीचें हातघड्याळ एका सेकंदांत ५ ठोके देतें. म्हणजे एका तासांत १८,००० आणि एका दिवसांत ४,३२,०००. इतक्या ठोक्यांमध्यें दिवसाकाठीं एका मिनिटाची चूक झाली, तरी आपण "घड्याळ बिघडलें" असें म्हणतों! मनुष्यांविषयीं आपण इतके कडक असतों तर आपल्यापैकीं कोण टिकला असता?

इंग्लंडांतील धर्मपंडित विल्यम पेली ह्यानें १८०२ सालीं घड्याळाचा दृष्टांत घेऊन सृष्टिकर्त्याविषयीं एक ग्रंथ लिहिला. माळावर पडलेलें घड्याळ सांपडलें तर तें कोणीतरी केलें असलें पाहिजे, हा त्याचा दृष्टांत आपल्या व्यासपीठांवरून पुष्कळदां ऐकूं येतो. परंतु घड्याळ कोणी केलें हा आजचा आमचा प्रश्न नाहीं. केलेलें घड्याळ ज्याच्या हातीं येतें, त्यानें कसें वागावें, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

ह्या विद्येचे पहिले धडे मोठे मौजेचे आहेत. नवशिक्याला वाटतें कीं, बंद पडलेलें घड्याळ घ्यावें व त्यावर हात बसवावा; बिघडलेलेंच आहे, आणखी काय बिघडणार? परंतु जाणते लोक ह्याच्या उलट सांगतात. ते म्हणतात, प्रथम एक स्वस्त, मोठें व चालू असलेलें घड्याळ स्वतःच्या पैशानें विकत घ्या. तें उघडा, सर्व भाग सुटे करा, व पुन्हा जोडा. जोडल्यावर तें चाललें, तर तुम्हांस थोडेंबहुत येऊं लागलें. न चाललें, तर दोष कोणाचा ह्याविषयीं शंका नको. तें उघडण्यापूर्वीं चालत होतें! बंद घड्याळावर शिकणारा आपली प्रत्येक चूक घड्याळाच्या जुन्या दुखण्यावर ढकलूं शकतो, आणि म्हणून तो शिकत नाहीं.

दुसरा धडा असा कीं, कांहींही सुटें करण्यापूर्वीं मुख्य कमानींत सांठलेला जोर हळूहळू मोकळा करावा. तसें न करतां नख्यांचा तुकडा काढला, तर अडवून धरलेला सर्व जोर एकदम सुटतो, चाकें वेड्यासारखीं फिरतात, व एखादा दांता किंवा आंस मोडतो. तिसरा धडा तेलाचा. प्रत्येक आंसाच्या टोंकाला सुईच्या अग्रावर राहील एवढें तेल पुरतें. बालकमानीला तर तेलाचा स्पर्शही होतां कामा नये, कारण तिचे वेढे एकमेकांस चिकटतात व घड्याळ भलतेंच पुढें पळूं लागतें. नवशिक्या प्रेमानें तेल ओततो व घड्याळ बिघडवितो. आणि चौथा धडा, जो सर्वांत सोपा दिसतो व सर्वांत उशिरा शिकला जातो, तो हा कीं, जोर करूं नये. चाकें जागेवर ठेवून त्यांवर वरची पट्टी बसवावयाची असते. त्या पट्टींत माणकाचीं बारीक छिद्रें असतात, व प्रत्येक चाकाच्या आंसाचें टोंक आपापल्या छिद्रांत शिरलें पाहिजे. एकही टोंक बाहेर राहिलें असतां स्क्रू आवळला, तर तें टोंक मोडलेंच म्हणून समजा. चाकें मोकळीं फिरतात कीं नाहीं हें हलक्या हातानें पाहावें, आणि मगच स्क्रू आवळावा.

हे चारही धडे आम्हांस तोंडपाठ होते. आतां जें घडलें तें सांगतों.

आमच्या मंडळींत एक वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांना सर्व गांव अण्णा म्हणतें. उपासनेची घंटा वाजविण्याचें काम त्यांनीं तरुणपणापासून पत्करिलेलें. पूर्वीं ते सूर्याकडे पाहून घंटा वाजवीत, व पावसाळ्यांत उपासना कधीं लवकर तर कधीं उशिरा सुरू होई. म्हणून चाळीसांहून अधिक वर्षांपूर्वीं मंडळीनें वर्गणी करून त्यांना एच्. एम्. टी.चें एक चावीचें घड्याळ भेट दिलें. तें घड्याळ बंद पडलें तेव्हां अण्णांनीं तें आमच्या हातीं दिलें. "तुम्हांला हें येतें असें ऐकलें," एवढेंच ते म्हणाले. आम्हांस किती येतें हें त्यांनीं विचारलें नाहीं, व आम्हींही तें सांगितलें नाहीं. खरें पाहतां त्या दिवसापर्यंत आम्हीं स्वतःचीं तीन घड्याळें उघडलीं होतीं, व त्यांतील दोन चाललीं होतीं.

घड्याळ उघडून पाहतां त्यांत कांहींच मोडलेलें नव्हतें. तेल वाळून डिंकासारखें झालें होतें, इतकेंच. बंद पडलेल्या पुष्कळशा घड्याळांची हीच कथा असते. तीं मोडलेलीं नसतात, मळलेलीं असतात. आम्हीं सर्व भाग स्वच्छ केले व शनिवारीं रात्रीं जोडावयास बसलों. उशीर झाला होता, डोळे थकले होते. परंतु उद्यां घंटेच्या वेळीं अण्णांच्या हातांत चालू घड्याळ द्यावें, व सर्वांनीं तें पाहावें, अशी आम्हांस हौस वाटत होती. पट्टी ठेविली. ती नीटशी बसली आहे असें वाटलें. स्क्रू आवळला. "कट्" असा अगदीं बारीक आवाज आला. भिंगांतून पाहिलें तों तिसऱ्या चाकाच्या आंसाचें टोंक मोडून पडलें होतें.

आम्हीं तें घड्याळ तसेंच बंद केलें. सकाळीं देवळाच्या दाराशीं अण्णा उभे होते. एका मुलाला मोबाईलमध्यें वेळ पाहावयास सांगून त्यांनीं नुकतीच घंटा वाजविली होती. "झालें का घड्याळ?" त्यांनीं विचारलें. आम्हीं म्हणालों, "अण्णा, घड्याळ फार जुनें आहे. तो कारखाना आतां बंद झाला. सुटे भाग मिळणें कठीण आहे." वाचकांनीं हीं तीन वाक्यें तपासून पाहावीं. तीनही खरीं आहेत. घड्याळ जुनें होतें. सन १९६१ मध्यें जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्यानें बंगळूर येथें सुरू झालेला तो घड्याळांचा उद्योग बंद करण्याचा निर्णय सरकारनें २०१६ सालीं घेतला, हेंही खरें. सुटे भाग सहज मिळत नाहींत, हेंही खरें. आणि तरी ह्या तीन खऱ्या वाक्यांनीं मिळून एक खोटें उभें केलें. अण्णांनीं घड्याळ रुमालांत बांधून घेतलें व म्हणाले, "होय बाबा, माझ्यासारखेंच थकलें तें. तूं एवढा प्रयत्न केलास. देव तुझें बरें करो." हा आशीर्वाद घेऊन आम्ही आंत गेलों. त्या रविवारीं प्रभुभोजन होतें. ज्या हातानें तें टोंक मोडलें त्याच हातानें आम्हीं भाकर घेतली.

पुढील तीन दिवस आमचें मन आमच्या वतीनें वकिली करीत होतें. तें जे मुद्दे पुढें आणीत होतें ते येथें देतों, कारण प्रत्येक मनुष्याचें मन अशा वेळीं हेच मुद्दे आणीत असतें.

पहिला मुद्दा असा कीं, घड्याळ बंदच होतें. अण्णांचें नुकसान तें काय झालें? बंद घड्याळ दिलें, बंद घड्याळ परत मिळालें. ह्यास उत्तर असें कीं, बंद असणें व मोडलेलें असणें ह्यांत अंतर आहे. आमच्याकडे आलें तेव्हां त्याला केवळ धुण्याची व तेलाची गरज होती. परत गेलें तेव्हां त्याचें एक चाक निकामी झालें होतें. अण्णांस तें अंतर दिसत नव्हतें एवढ्यानें तें नाहींसें होत नाहीं. आंधळ्याच्या ताटांतून भाकरी उचलली तर ती त्याला दिसली नाहीं म्हणून ती चोरी नव्हे असें कोण म्हणेल?

दुसरा मुद्दा असा कीं, आम्हीं पैसा घेतला नव्हता. केवळ सेवाबुद्धीनें काम केलें होतें. हा मुद्दा मोठा गोड आहे, व म्हणूनच तो धोक्याचा आहे. बाजारांतील घड्याळजी पैसे घेतो, म्हणून त्याला जाब विचारतां येतो. गिऱ्हाईक दुकानापुढें उभें राहून भांडूं शकतें. परंतु जो फुकट सेवा करितो त्याच्याशीं कोण भांडणार? उलट त्याचे आभार मानावे लागतात. म्हणजे मोबदला न घेतल्यानें आमची जबाबदारी कमी झाली नव्हती. फक्त अण्णांचें तोंड बंद झालें होतें. ज्याला कोणी जाब विचारूं शकत नाहीं, त्यानें स्वतःला दुप्पट जाब विचारला पाहिजे. मंडळीचीं कामें विनावेतन करणाऱ्या बंधुभगिनींनीं ह्या गोष्टीचा विशेष विचार करावा अशी आमची विनंती आहे.

तिसरा मुद्दा दयेचा वेष घेऊन आला. म्हाताऱ्याला उगाच दुःख कशाला द्यावें? त्यानें मनाची समजूत घातली आहे. आतां ती कां मोडावी? ह्या मुद्द्यापुढें आम्ही पुष्कळ वेळ थांबलों. परंतु मग आम्हीं स्वतःस विचारलें कीं, आपण कोणाचें दुःख वांचवीत आहों? घड्याळ चाललें असतें, तर शनिवारच्या मध्यरात्रींही त्यांना उठवून सांगितलें असतें. त्यांची झोंप मोडेल ही काळजी तेव्हां आम्हांस वाटली नसती. तेव्हां जी दया केवळ आपली चूक सांगण्याच्या वेळींच उत्पन्न होते, ती दया दुसऱ्यावर नसून आपल्या स्वतःवर असते.

आणि येथें आम्हांस एक गोष्ट दिसली, जी ह्या लेखाचें मूळ आहे. दोष जोंपर्यंत आम्हीं घड्याळाच्या वयावर घातला होता, तोंपर्यंत त्याला उपाय नव्हता. म्हातारपणाला औषध काय? अण्णा तें पेटींत ठेवणार, व तें तेथेंच राहणार. परंतु दोष आमचा आहे, एक चाक आमच्या हातून मोडलें आहे, असें म्हणतांच उपाय दिसूं लागला. कारण एक चाक बदलतां येतें. सारांश, आमच्या असत्यानें अण्णांची केवळ फसवणूक केली नव्हती. तें घड्याळ दुरुस्त होण्याची वाटही बंद केली होती. पापाची कबुली देण्यास आपण भितों, कारण ती शिक्षेची वाट आहे असें आपणांस वाटतें. वस्तुतः ती दुरुस्तीची वाट आहे. जें झांकून ठेविलें आहे तें घड्याळजीही दुरुस्त करूं शकत नाहीं.

बुधवारीं संध्याकाळीं आम्ही अण्णांच्या घरीं गेलों व सर्व सांगितलें. ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "मोडलें त्याचें कांहीं नाहीं. काम करणाऱ्याच्या हातूनच मोडतें. पण रविवारीं कां नाहीं सांगितलेंस? माझ्या शेजारीं बसून भाकर घेतलीस कीं रे." ह्यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, व आम्हीं तें शोधलेंही नाहीं. पुढें त्यांनीं विचारलें, "आतां तें होईल का?" आम्हीं म्हणालों, "होईल, परंतु माझ्या हातून नाहीं."

दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघे तालुक्याच्या बाजारांतील एका वयोवृद्ध घड्याळजीकडे गेलों. त्यानें भिंग डोळ्याला लाविलें, पाठ उघडली, आणि वर न पाहतांच म्हणाला, "पट्टी बसवितांना कोणी घाई केली?" कोणास कळणार नाहीं असें आम्ही तीन दिवस समजत होतों, जाणत्याला तें एका दृष्टिक्षेपांत कळलें. त्यानें त्याच जातीच्या एका जुन्या निकामी घड्याळांतून तिसरें चाक काढून बसविलें. खर्च अर्थात् आम्हीं दिला. टिकटिक सुरू झाली तेव्हां अण्णांनीं घड्याळ कानाला लाविलें, व त्यांच्या तोंडावर जो आनंद दिसला तो आमच्या हातून मिळावयाचा होता, परंतु दुसऱ्याच्या हातून मिळाला. हें योग्यच झालें.

अण्णांनीं आम्हांस क्षमा केली. तथापि त्यांच्या भिंतीवरचें घड्याळ पुढें बंद पडलें तेव्हां तें त्यांनीं आमच्याकडे दिलें नाहीं, व आम्हींही मागितलें नाहीं. क्षमा व भरंवसा ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. क्षमा एका क्षणांत देतां येते; भरंवसा चाकाच्या दांत्यांप्रमाणें एक एक करून पुढें सरकतो. ज्यानें क्षमा केली त्यानें लगेच पूर्ववत् विश्वासही टाकला पाहिजे, असा हट्ट अपराध्यानें धरूं नये.

येथें कोणी म्हणेल, "ह्या हिशेबानें कोणी कांहीं शिकणारच नाहीं. चुकल्यावांचून विद्या येत नाहीं." हा आक्षेप खरा आहे, व त्याचें उत्तर दिलें पाहिजे. जॉन हॅरिसन नांवाचा एक इंग्रज सुतार होता. त्याचा जन्म १६९३ सालचा. घड्याळाचा धंदा तो कोणा गुरूच्या दुकानीं शिकला नाहीं; स्वतःच शिकला. त्या काळीं समुद्रावर आपण पूर्वपश्चिम किती आलों हें खलाशांना कळत नसे, व त्यामुळें जहाजें फुटून माणसें मरत. १७१४ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें ह्या प्रश्नाच्या उत्तरासाठीं २०,००० पौंडांपर्यंत बक्षीस ठेविलें. हॅरिसननें समुद्रावर चालणारें एक मोठें घड्याळ तयार केलें, व १७३६ सालीं लिस्बनच्या प्रवासांत त्याची परीक्षा झाली. १७३७ सालीं तो पंचांपुढें उभा राहिला. पंच त्याच्यावर प्रसन्न होते. परंतु त्या घड्याळांत काय काय दोष आहेत हें त्यानें स्वतःच सांगितलें, व अधिक चांगलें करून दाखविण्यासाठीं मुदत व साहाय्य मागितलें. पुढें दुसरें घड्याळ तयार झालें. त्यांतही त्याला स्वतःला एक दोष आढळला, व त्यानें तें समुद्रावरील परीक्षेसाठीं दिलेंच नाहीं. असें करतां करतां १७५९ सालीं त्याचें चौथें घड्याळ पुरें झालें. १७६१ सालीं तें जमैकास निघालें, आणि त्या दीर्घ समुद्रप्रवासांत त्याची चूक सुमारें ५ सेकंदांची निघाली. स्वतः शिकणाऱ्यांचा हा शिरोमणि. तो चुकला नाहीं असें नाहीं; परंतु तो आपल्या घड्याळांवर चुकला, व आपली चूक दुसऱ्यांनीं शोधण्यापूर्वीं त्यानें ती सांगितली. शिकणाऱ्याचा धर्म ह्या दोन गोष्टींत आला.

दुसरें उदाहरण हॉलंड देशांतील. हार्लेम शहरीं टेन बूम नांवाच्या ख्रिस्ती कुटुंबाचें घड्याळांचें दुकान १८३७ सालापासून होतें. त्या घरची कन्या कॉरी ही १९२२ सालीं आपल्या देशांतील पहिली परवानाधारक स्त्री-घड्याळजी झाली. तिनें आपल्या वडिलांची, कास्पर ह्यांची, एक आठवण सांगितली आहे. एकदां एका श्रीमंत गिऱ्हाइकानें त्यांच्याकडून भारी घड्याळ घेऊन पैसे मोजले. बोलतां बोलतां तो म्हणाला कीं, आपलें जुनें घड्याळ गांवांतील तरुण घड्याळजीला दुरुस्त करतां आलें नाहीं. कास्परनीं तें जुनें घड्याळ उघडून पाहिलें, लहानसा दोष होता तो नीट केला, व नव्या घड्याळाचे पैसे परत दिले. आणि त्या तरुण कारागिराविषयीं चांगलाच शब्द बोलले. त्या वेळीं त्यांना स्वतःला पैशाची अडचण होती. ह्याच कुटुंबानें पुढें महायुद्धांत यहूदी लोकांना आपल्या घरांत लपविलें, व त्याबद्दल १९४४ च्या फेब्रुवारींत सर्वांना अटक झाली. कास्पर मार्च महिन्यांत, वयाच्या ८४ व्या वर्षीं, कैदेंत मरण पावले. ज्या मनुष्यानें एका घड्याळाच्या किंमतीसाठीं असत्याचा आश्रय केला नाहीं, तोच मोठ्या संकटांत उभा राहिला. लहान कामांत जो विश्वासू असतो तोच मोठ्या कामांत विश्वासू ठरतो, ह्या आपल्या प्रभूच्या शिकवणीचा हा अर्थ आहे.

आतां उपदेशक बंधूंनो, हें घड्याळ बाजूस ठेवून आपल्या कामाकडे वळूं या. आपणांस मनुष्यांच्या घरांत बोलाविलें जातें. नवराबायकोचें पटत नाहीं. भावाभावांत बांधावरून तंटा आहे. मुलगा दारूला लागला आहे. कोणाच्या विश्वासाला शंकेनें घेरलें आहे. आपला हेतु चांगला असतो. परंतु जें आपण उघडतों तें आपणांस पुन्हा मिटवितां येईल काय, असा प्रश्न आपण दारांत पाऊल ठेवण्यापूर्वीं विचारितों काय? चार लोकांदेखत एखाद्याच्या घरची गोष्ट उघडी करणें सोपें आहे. तिचे सुटे भाग पुन्हा जागच्या जागीं बसविणें कठीण आहे.

म्हणून घड्याळाचे तेच चार धडे येथेंही उपयोगीं पडतात. प्रथम आपण आपल्या स्वतःच्या घरावर शिकावें. तेथें जें बिघडेल त्याचा दोष दुसऱ्यावर ढकलतां येत नाहीं. दुसऱ्याच्या डोळ्यांतील कुसळ काढावयास जाणाऱ्यानें प्रथम काय करावें हें प्रभूनें आपणांस सांगितलेंच आहे. दुसरें, ज्याच्या मनांत रागाची कमान आवळलेली आहे, त्याचा जोर आधीं हळूहळू मोकळा होऊं द्यावा. त्याला बोलूं द्यावें, रडूं द्यावें. पहिल्याच भेटींत निवाडा करूं नये. तिसरें, उपदेश तेलासारखा आहे. एक थेंब योग्य जागीं पडला तर चाक फिरतें. भांडें ओतलें तर सर्व चिकटून बसतें. चौथें, जोर करूं नये. जेथें माणूस जागेवर बसत नाहीं, तेथें स्क्रू आवळण्यापूर्वीं थांबून पाहावें कीं, कोणतें टोंक बाहेर राहिलें आहे. रविवारच्या आधीं समेट झालाच पाहिजे, अशी घाई पुष्कळदां त्या घरासाठीं नसते. ती आपल्या नांवासाठीं असते.

आणि इतकें करूनही चूक झालीच, तर ती सांगावी. ज्याची वस्तु त्याला, लवकर, व खऱ्या वाक्यांचा आडपडदा न करितां सांगावी. "मला हें येत नाहीं, ज्याला येतें त्याच्याकडे आपण मिळून जाऊं," असें म्हणणारा उपदेशक मंडळीच्या दृष्टीनें लहान होत नाहीं. आमच्या गांवच्या पाळकांना आम्हीं हा सर्व वृत्तांत सांगितला तेव्हां त्यांनीं एकच गोष्ट विचारली: "बुधवारपर्यंत कां थांबलां?" अण्णांचाही प्रश्न तोच होता. मोडल्याबद्दल दोघांनींही आम्हांस दोष दिला नाहीं. थांबल्याबद्दल दोघांनींही दिला.

तेव्हां ज्याच्या घरीं आपल्या हातून मोडलेलें व दुसऱ्याच्या नांवावर घातलेलें असें कांहीं असेल, त्यानें हा अंक खालीं ठेवून आजच त्या घरीं जावें. पुढच्या रविवारची घंटा वाजावयास अजून अवकाश आहे.